साहेब, वाईट बातमी आधी ऐका

वऱ्हाडात पहिल्यांदाच कार्यालयप्रमुख म्हणून रुजू होणाऱ्या अधिकाऱ्यांना खुले पत्र



अमरावती विभागाच्या पाच जिल्ह्यांत दरवर्षी तुमच्यासारखे तरुण अधिकारी येतात. कुणी तहसीलदार, कुणी गटविकास अधिकारी, कुणी वनपरिक्षेत्र अधिकारी, कुणी नगरपरिषदेचे मुख्याधिकारी. अभ्यासिकेत उमेदीची वर्षं घालवून, प्रशिक्षण संपवून तुम्ही रुजू होता आणि पहिल्याच सकाळी वडिलांच्या वयाचा शिपाई उठून उभा राहतो, दार उघडतो, ‘साहेब’ म्हणतो, ‘मॅडम’ म्हणतो. कायदा तुम्हाला येतो, अंदाजपत्रक वाचता येतं. माणसं कशी सांभाळायची हे मात्र कुठल्याच पेपरला नव्हतं. माझी सगळी नोकरी अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत गेली, लिपिकापासून अव्वल कारकुनापर्यंत. साहेब लोकांकडे मी कायम टेबलाच्या अलीकडून पाहिलं. तिथून जे दिसतं ते तुम्हाला तुमच्या खुर्चीतून दिसणार नाही, म्हणून हे लिहितो आहे.

सांगायची गोष्ट एकच आहे. कार्यालयात चूक झाली, काम अडलं, कुणावर अन्याय झाला, तर ते साहेबांना किती लवकर कळतं, यावर त्या कार्यालयाचं सगळं अवलंबून असतं. चांगली बातमी आपोआप वर जाते, ती घेऊन जायला माणसं रांग लावतात. वाईट बातमी मात्र प्रत्येक टेबलावर अडते. ती घेऊन येणाऱ्या पहिल्या माणसाशी तुम्ही कसे वागलात, हे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर पोचलेलं असतं. पुढची तीन वर्षं तुम्हाला खरं ऐकायला मिळणार की नाही, ते तिथेच ठरतं.

एका पावसाळ्यातली हकिकत सांगतो. तालुका खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. जमीन काळी, चिकण. भूगर्भातलं पाणी खारं. पावसाची झड लागली की शेतरस्त्यावर मोटरसायकल तर सोडाच, बैलगाडीही रुतते. त्या वर्षी अतिवृष्टीने सोयाबीन पिवळं पडलं होतं, कपाशी पाण्यात उभी होती आणि पंचनामे चालू होते. नुकसान 33 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तरच मदत मिळते, त्यामुळे शेताच्या बांधावर उभं राहून पाहण्याला पर्याय नसतो. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक या तिघांनी मिळून ते करायचं. आणि वरून रोज व्हीसीत एकच विचारणा : किती टक्के झालं?

आधीच्या साहेबांच्या काळात या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं असे. ‘नव्वद टक्के, सर.’ कारण ज्याने एकदा खरा आकडा सांगितला होता, त्याची सगळ्यांसमोर शोभा झाली होती. मग टक्के चावडीत बसूनच वाढायचे. पुढे यादी लागली की ज्याच्या शेतात गुडघाभर पाणी होतं त्याचं नाव नाही आणि टेकाडावरच्याचं आहे, असं निघायचं. तो शेतकरी आमच्याच खिडकीशी यायचा. ‘काहून बा, माह्यं वावर दिसलं नाही काय तुमाले?’ त्याला उत्तर द्यायला कुणाकडेच तोंड नसे.

नवे तहसीलदार तिशीच्या आतले होते. पहिल्या आढावा बैठकीत त्यांनीही तोच प्रश्न विचारला आणि आमच्याकडून तीच उत्तरं सुरू झाली. नव्वद, पंच्याण्णव, नव्वद. मग नोकरीला वर्षही न झालेल्या एक तलाठीबाई उभ्या राहिल्या. पायावरचा चिखल तसाच वाळलेला होता. म्हणाल्या, ‘सर, माझं चाळीसच झालंय. नाल्यापलीकडच्या दोन गावांत मला जाताच आलं नाही.’ बाकीच्यांनी माना खाली घातल्या. पुढे काय होणार ते सगळ्यांना पाठ होतं.

साहेबांनी वहीत आकडा लिहून घेतला. विचारलं, ‘पलीकडे जायला दुसरीकडून वाट आहे? सोबत कोण दिलं तर होईल?’ बाईंनी शेजारच्या साझ्यातल्या एका जुन्या कोतवालाचं नाव सांगितलं. त्याचं सासर त्या शिवारात होतं, पाणंद न् पाणंद माहीत होती. कोतवाल दिला, दोन दिवस दिले. मग साहेब म्हणाले, ‘हा आकडा खरा आहे म्हणून मला काही करता आलं. बाकीच्यांनी आपापले आकडे पुन्हा एकदा सांगा.’ पंच्याण्णवचे साठ झाले, नव्वदचे पन्नास. मी त्या बैठकीचं इतिवृत्त लिहीत होतो; आधीचे आकडे खोडून नवे लिहिले. संध्याकाळी साहेबांनी खरे आकडे वर कळवले. वरून बोलणी बसली ती त्यांनी एकट्याने ऐकून घेतली, आमच्यापर्यंत येऊ दिली नाहीत. त्या तालुक्यात त्यानंतर मला कुणी खोटी टक्केवारी लिहायला लावली नाही.

या हकिकतीत साहेबांनी विशेष असं काय केलं? आवाज चढवला नाही, शाबासकीचं भाषण केलं नाही. दोन प्रश्न विचारले आणि उत्तर येईपर्यंत थांबले. तुम्हाला एवढं जमलं तरी निम्मं काम झालं. पण हे थांबणं फार अवघड जातं, कारण खुर्चीत बसलं की आपण प्रश्नाबरोबर उत्तरही सांगून टाकतो. ‘झालं ना? उद्यापर्यंत होईल ना?’ याला ‘होय सर’ याखेरीज दुसरं उत्तर कुणी देत नाही.

प्रश्न विचारून थांबण्याची ही विद्या शिकायला परदेशातली पुस्तकं चाळण्याची गरज नाही. शेंडगावला 1876 साली जन्मलेल्या आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या शेतावर वाढलेल्या गाडगेबाबांचं कीर्तन मुळात प्रश्नोत्तरांचं होतं. अमरावतीच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे त्या बाबांना लिहिता-वाचता येत नव्हतं. समोर हजारो माणसं बसलेली, आणि बाबा त्यांना विचारत : कर्ज काढून सण करावा का? पोरगं शाळेत घालावं का? दारू प्यावी का? लोक उत्तर देत, आणि ते उत्तर लोकांच्याच तोंडून यावं म्हणून बाबा वाट पाहत. 1956 च्या नोव्हेंबरात मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यातही त्यांनी याच रीतीने कीर्तन केलं. समोर वर्दीतली माणसं, म्हणून त्यांची भाषा बदलली नाही.

आणि कीर्तन रात्री होई. दिवसा बाबा हातात खराटा घेऊन गाव झाडत. गावात आल्या आल्या भाषण नाही, सत्कार नाही. आधी नाली, मग रस्ता, मग देवळाचं आवार. गावकरी आपसूक येऊन मिळत. याचा अर्थ तुम्ही कार्यालयात रोज झाडू घ्यावा असा मी काढत नाही. ऑक्टोबरात फोटोपुरता झाडू घेतलेले साहेब आम्ही पुष्कळ पाहिले आणि त्याने आमच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. बाबा दिवसभर गाव झाडत, तेव्हा त्या गावाची नाली कुठे तुंबते, कुणाच्या दारात घाण टाकली जाते, हे त्यांना हातानेच कळत होतं. रात्रीचे प्रश्न त्या दिवसभराच्या माहितीतून येत. ज्याला खालचं काम माहीत आहे त्याच्याशी खोटं बोलता येत नाही, आणि त्याच्याशी खरं बोलायला भीतीही वाटत नाही.

म्हणून रुजू झाल्यावर आवक शाखेत एक अख्खा दिवस बसा. अर्ज कसा येतो, त्यावर शिक्का कोण मारतं, नोंद कुठल्या वहीत होते, तो पुढच्या टेबलावर केव्हा जातो, हे पाहा. त्या दिवशी दूर मेळघाटातून पहाटेची एसटी धरून आलेला माणूस खिडकीशी किती वेळ उभा राहतो तेही दिसेल. 1980 च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी जी कार्यालयीन सुधारणा केली, जिला पुढे सगळा महाराष्ट्र ‘लखीना पॅटर्न’ म्हणू लागला, तिचा पायाही इतकाच साधा होता : माणसं बसतात कुठे, कागद फिरतो कसा, जुने अभिलेख लावलेले आहेत का आणि कारकुनाला त्याचं काम नीट शिकवलं आहे का. कारकुनाला शिकवणं हे साहेबाचं काम आहे, असं मानणारे अधिकारी मला फार थोडे भेटले.

आता एका शेऱ्याबद्दल. नस्ती खालून चढत येते. लिपिक टिपणी लिहितो, अव्वल कारकून सही करतो, नायब तहसीलदार सही करतात, आणि साहेब समासात लिहितात, ‘चर्चा करा.’ कधी नुसतंच ‘बोला’. खरोखर शंका असेल तर हा शेरा योग्यच आहे. पण बहुतेक वेळा ती चर्चा होतच नाही. लिपिक दोनदा दारापर्यंत जातो, आत लोक बसलेले असतात, परत येतो. नस्ती रॅकवर जाते. एका मयत शिपायाच्या मुलाची अनुकंपा नियुक्तीची नस्ती अशी ‘चर्चा करा’ घेऊन पडून राहिलेली मी पाहिली आहे. त्याची आई दर आठवड्याला येऊन व्हरांड्यातल्या बाकावर बसे. ‘येऊन राहिली ना भाऊ कवापासून, साहेब काही भेटून नाही राहिले,’ एवढंच म्हणे. 2005 चा बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा कायदा सांगतो की कुठल्याही टेबलावर नस्ती सात कामाच्या दिवसांहून जास्त राहू नये. साहेबांचं टेबलही त्यात येतं, हे आम्ही तोंडाने म्हणू शकत नाही. तुम्ही म्हणू शकता. ‘चर्चा करा’ लिहिलंत तर त्याखाली वार आणि वेळ लिहा, आणि त्या वेळी दार उघडं ठेवा. नकार द्यायचा असेल तर कारण लिहून नकार द्या. नकारालाही दाद मागता येते, पडून राहिलेल्या कागदाला कुठे दाद मागायची?

वऱ्हाडातला उन्हाळा हाही तुमची परीक्षा घेणार आहे. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांच्या वर जातो आणि साहेबांच्या दालनात कूलर असतो. दालनाबाहेर स्टुलावर बसलेल्या शिपायाच्या वाट्याला व्हरांड्यातली झळ. तो तुमच्या आधी आलेला असतो आणि तुमच्या नंतर जातो. मे 2024 मध्ये अकोल्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी उष्णतेपायी कलम 144 लावलं, आस्थापनांना कामगारांसाठी पाणी आणि पंख्यांची सोय करायला सांगितलं, खासगी शिकवण्यांच्या दुपारच्या वेळा बदलायला लावल्या. काहींना त्या कलमाचा वापर विचित्र वाटला. मला तो अधिकाराचा अतिशय चांगला वापर वाटतो, कारण आपल्याला जी झळ लागत नाही ती दुसऱ्याला लागते आहे, हे एका कार्यालयाने वेळेवर ओळखलं. तेच तुम्ही आपल्या इमारतीपुरतं करा. पिण्याच्या पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली? महिला कर्मचाऱ्यांच्या स्वच्छतागृहाला कडी आहे का, पाणी आहे का? कितीतरी तालुक्याच्या कार्यालयांत बाया दिवसभर पाणी पीत नाहीत, कारण जायला जागा नसते. ही गोष्ट कुठलीही बाई पुरुष साहेबाला येऊन सांगणार नाही. ती स्वतः जाऊन पाहावी लागते.

व्हॉट्सअॅप गटाबद्दल थोडक्यात. रात्री अकराला सूचना टाकू नका. टाकलीच, तर सकाळी त्याचा जाब विचारू नका. ज्या गटात फक्त ‘यस सर’ आणि हात जोडल्याची चित्रं दिसतात, तिथून तुम्हाला काही कळत नाही आहे असं समजा.

श्रेयाबद्दलही थोडं. जून 2022 मध्ये आपल्याच अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते मूर्तिजापूर, 75 किलोमीटरची डांबरी मार्गिका 105 तास 33 मिनिटांत सलग घातली गेली आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. नोंद महामार्ग प्राधिकरणाच्या आणि कंत्राटदार कंपनीच्या नावावर आहे, ते रीतसरच आहे. पण त्या जूनच्या उकाड्यात तापत्या डांबराशेजारी रात्रंदिवस उभे राहिलेले लोक 720 होते, आणि जाहीर करताना हा आकडा सांगितला गेला, याचं मला समाधान वाटलं. तुमच्या कार्यालयाला बक्षीस मिळालं तर मंचावर एकटे जाऊ नका. ज्या कारकुनाने रात्री बसून तक्ते भरले त्याचं नाव घ्या, पूर्ण नाव, आडनावासकट. आणि चूक झाली की कारणे दाखवा नोटीस काढण्याआधी स्वतःला विचारा, मी हे काम देताना पुरेशी माणसं आणि वेळ दिला होता का.

आता जे लिहायला जड जातं ते लिहितो. 25 मार्च 2021 रोजी मेळघाटात हरिसाल इथे वनपरिक्षेत्र अधिकारी दीपाली चव्हाण यांनी आपलं आयुष्य संपवलं. धाडसाने काम करणारी अधिकारी म्हणून त्यांचं नाव होतं. मागे ठेवलेल्या पत्रांत त्यांनी वरिष्ठाकडून होणाऱ्या छळाची हकिकत लिहिली होती आणि त्याहूनही वर सांगून काही उपयोग झाला नाही, असं लिहिलं होतं. कोण किती दोषी हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे, त्यावर मी बोलणार नाही. पण या विभागातल्या प्रत्येक कर्मचाऱ्याने तेव्हा ती बातमी वाचली आणि आपापल्या साहेबाकडे एकदा पाहिलं, हे मला माहीत आहे. मेळघाटासारख्या ठिकाणी कार्यालयापासून घरापर्यंत सगळं साहेबाच्या मर्जीवर चालतं. रजा त्यांच्या सहीवर, पगार त्यांच्या सहीवर, गाडी त्यांच्या शब्दावर. मोबाइलला धड रेंज नाही. तिथे वरिष्ठ वाईट निघाला तर माणसाने जायचं कुठे?

लैंगिक छळाविरुद्ध 2013 चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसं असतील तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे. तुमच्या कार्यालयातली समिती नुसती भिंतीवरच्या फलकावर आहे की तिच्या बैठका होतात, ते पाहा, अध्यक्ष असलेल्या बाईंशी स्वतः बोला. पण हक्काची रजा अडवणं, चारचौघांत पाणउतारा करणं, नको त्या वेळी नको त्या ठिकाणी बोलावणं, गोपनीय अहवालाची भीती घालणं, यांसाठी अशी समिती नाही. तिथे वरच्या खुर्चीतल्या माणसानेच ऐकायचं असतं. तुमच्या हाताखालचा एखादा अधिकारी ‘कडक’ म्हणून प्रसिद्ध असेल, त्याचं काम वेळेत होत असेल, आकडे चांगले असतील, तर तुम्हाला तो आवडेल. त्याच्या शाखेतून बदलीचे अर्ज किती येतात, रजेवर किती माणसं असतात, तेही एकदा मागवून पाहा. आमच्यासारख्यांना हे केव्हापासून दिसत असतं. आम्हाला विचारत कुणी नाही.

तक्रार घेऊन कुणी आलं, तर त्याच्यासमोर लगेच त्या अधिकाऱ्याला फोन लावू नका. सगळ्यात जास्त माणसं या एका सवयीने गप्प बसतात. आधी त्याला बसायला सांगा. पूर्ण बोलू द्या. काय करणार आणि केव्हापर्यंत, ते सांगा, आणि त्या तारखेला स्वतःहून बोलावून काय झालं ते कळवा.

एक विनंती करून थांबतो. दरवर्षी 25 मार्चला, मार्चअखेरची कितीही गडबड असली तरी, आपल्या कार्यालयात कर्मचाऱ्यांनी वरिष्ठांविरुद्ध दिलेले सगळे अर्ज मागवून घ्या. कुणाकडून सारांश करून घेऊ नका, मूळ अर्ज स्वतः वाचा. ज्याच्या अर्जावर आधी कुणी ‘चर्चा करा’ लिहून ठेवलं असेल, त्या माणसाला त्याच दिवशी बोलावून चर्चा करा.

आपला,
एक सेवानिवृत्त अव्वल कारकून, अमरावती